सुनंदाताईंचा पालथा कप

सुनंदाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसातून परत येत होते. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही ही इथली, जपानची शिस्त, त्यामुळे त्यांच्या यजमानांचा मेसेजच आला. 'सुनंदा गेली. हार्ट अटॅक.' निशी-कसाईला उतरून मी स्टेशनवरच्या बाकावर बसले. रडू आलं नाही, राग आला. काम अर्धवट टाकून जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मग आमच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचा पूर आला... 'शांत, प्रेमळ, सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या.' शांत? सुनंदाताई? हे लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालेलं होतं. आज महिना होऊन गेला. गोड लिहायचं काम इतरांनी उरकलं आहे, तेव्हा मी त्या होत्या तशाच लिहिणार आहे.

ताई साताऱ्याच्या. तिथल्या कॉलेजात बी.ए.च्या मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवायच्या. यजमानांची बदली तोक्योला झाली आणि त्या इकडे आल्या. मराठीतून अमेरिका शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं जपानमध्ये कुणाला काय काम असणार? दोन वर्षं त्यांनी एका कारखान्यात जेवणाचे डबे भरायची अर्धवेळ नोकरी केली आणि मग एका शनिवारी आमच्या सोसायटीतल्या मुलांना घरी बोलावून सरळ शिकवायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, शिवाजी महाराज शिकवा, निदान जपान तरी शिकवा. त्या म्हणाल्या, "मला जे येतं ते मी शिकवणार. इतिहास कुणाच्या बापाचा नाही."

माझी मीरा त्या वर्गात होती. इंग्रजांनी चहावर कर लावला म्हणून बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकल्या, हे सगळ्यांनाच माहीत असतं. ताईंना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. आमच्याकडून कर घेता तर आम्हाला मतही द्या, असं म्हणत ज्या बायकांनी आपल्या घरातला चहाच बंद केला, त्यांच्याबद्दल त्या रंगून सांगायच्या. "पेट्या फेकायला एक रात्र पुरते गं. रोज सकाळी चहा नको म्हणायला जिगर लागते." फिलाडेल्फियात खिडक्या बंद करून राज्यघटना लिहिली गेली, तो धडा त्यांनी ऐन ऑगस्टात, इथल्या भर उन्हाळ्यात, एसी आणि खिडक्या बंद ठेवून घेतला. घामाघूम झालेल्या मुलांना त्यांनी सांगितलं, की तिथे गुलामांना मत मिळालं नाही, पण त्यांच्या मालकांच्या राज्यांना संसदेत जास्त जागा मिळाव्यात म्हणून पाच गुलामांची मोजणी तीन माणसं अशी करायचं ठरलं. मीरा उसळून म्हणाली, "झुरुइ!" म्हणजे जपानीत, ही तर लबाडी! ताई खूश झाल्या. "हे परीक्षेत विचारणार नाहीत, पण तू विसरू नकोस."

त्याच सुमारास आमच्या रहिवासी मंडळाने ठरवलं की मुलांनी अंगणात चेंडू खेळायचा नाही. अंगणात खेळणारी मुलं बहुतेक आमची, भारतीयांचीच. मंडळाची वर्गणी आम्ही भरत होतो, कावळ्यांनी उपसू नये म्हणून कचऱ्यावर जाळी घालायची पाळीही करत होतो, पण बैठकीत मत फक्त जुन्या रहिवाशांना. वर्गणी घेताना आम्ही रहिवासी, हात वर करताना पाहुणे! ताई आम्हा चार-पाच जणींना घेऊन बैठकीला गेल्या. अध्यक्ष मोरिता-सान अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी वाकून स्वागत केलं, मागच्या खुर्च्यांवर बसवलं आणि स्वतः किटली घेऊन हिरवा चहा द्यायला आले. ताईंनी समोरचा कप पालथा घातला. मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाल्या, "मत नाही, तर चहा नाही." घरी आल्याचा चहा दिवसभर ढोसणारी ही बाई! पण त्या खोलीत त्यांनी घोटभरही घेतला नाही. दर बैठकीला जायच्या, पालथ्या कपासमोर ताठ बसायच्या, चुकीच्या व्याकरणात हवं ते बोलायच्या. आपल्यातलेच काही म्हणायला लागले, "या बाईमुळे आपलं नाव खराब होतंय." त्यांना ताई म्हणाल्या, "होऊ दे. मुलं खेळली पाहिजेत."

दोन वर्षांनी आम्हाला मत मिळालं. चेंडूही परत आला. त्या बैठकीत मोरिता-सान हसत हसत किटली घेऊन ताईंपाशी आले, सगळे टाळ्या वाजवायला सज्ज... आणि ताईंनी कप उचललाच नाही. मागच्या इमारतीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "त्यांचं काय?" तिथे एकेका खोलीत नेपाळची आणि व्हिएतनामची शिकणारी मुलं राहतात, रात्रपाळी करून फी भरतात. त्यांची वर्गणी भाड्यातूनच कापली जाते. त्यांना मत नव्हतं, आजही नाही. आमचीच माणसं चिडली. ती मुलं आज आहेत, उद्या नाहीत, त्यांचं आपल्याला काय, असं मोठ्याने बोलली. दोन वर्षांपूर्वी हेच आमच्याबद्दल बोललं जात होतं.

मी मात्र तो चहा प्यायले. पूर्ण कप. त्याची मला लाज वाटत नाही, तो आम्ही भांडून मिळवला होता. पण परत येताना मी वैतागून म्हणाले, "ताई, आता पुरे करा ना. आपलं झालं की."

"फिलाडेल्फियाहून घरी जाताना ते लोकही हेच म्हणाले असतील," त्या म्हणाल्या. "आपलं झालं की."

मग मीराच्या अभ्यासाचं विचारत राहिल्या. त्यांचा कप शेवटपर्यंत पालथाच राहिला.

गेल्या रविवारी बैठक होती. ताईंच्या खुर्चीवर कुणीतरी त्यांचा फोटो ठेवला होता, आणि फोटोपुढे त्यांचा कप, सुलटा, वाफाळत्या चहाने भरलेला. गेलेल्या माणसापुढे चहा ठेवायची इथे रीत आहे. आपणही पानात आवडीचं वाढतोच. मोरिता-सानांचे डोळे भरले होते. म्हणाले, "सुनंदा-सान आता तरी घेतील." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला कळत होतं. तरी माझ्या डोक्यात तिडीक गेली. जिवंतपणी जिला एक घोट पाजता आला नाही, तिला मेल्यावर पाजायला निघालात?

मी विचारलं, "मागच्या इमारतीचा विषय आज आहे का?"

"पुढच्या वर्षी बघू," ते हळूच म्हणाले.

मी उठले. ताईंचा कप उचलला, बेसिनमध्ये रिकामा केला, धुतला, पुसला आणि फोटोपुढे होता तिथेच पालथा ठेवला. आमच्यातल्या एकीने माझा कुर्ता ओढला, मी तिकडे पाहिलं नाही. जागेवर येऊन बसले. मोरिता-सान नेहमीच्या क्रमाने चहा ओतत माझ्यापर्यंत आले आणि किटली वाकवून थांबले.

मी माझा कप पालथा घातला.