गोधड्यांखालचं टिपाड

शुक्रवारी सकाळी आम्ही नवराबायकोनं मिळून टिपाड लपवलं. दोघांनी मिळून केलेलं साधं काम म्हणाल तर ते शेवटचं. तवा ठाऊक असतं तर जरा सावकाश हसलो असतो.

टिपाड म्हणजे दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप. झाकण मागंच फुटलेलं. घरात कोपऱ्यात उभं, गळ्यापर्यंत भरलेलं. भरलेलं टिपाड काही हलत नसतं, म्हणून आम्ही ते जागच्या जागी लपवायचो. वर फळी, फळीवर चार गोधड्या, समोरून लोंबती चादर, आणि सगळ्यात वर माझी बायको. सत्तरीची बाई, गुडघे गेलेले. तिला वर चढवायला मी खालून खांदा लावायचो, आणि ती म्हणायची, "अवं, लग्नात तरी उचललं व्हतं का असं?" तिथंच तिला हसू फुटायचं, ती परत खाली घसरायची, आणि आमचं पहिल्यापासून सुरू.

हे सगळं कुणासाठी, तर आशाताईसाठी. आशा हे तिचं नाव नव्हे, सरकारी कामाचं नाव. पोरगी आमच्या शेजारचीच, भिंतीला भिंत. मला मामा म्हणते, हिला मामी म्हणायची. तिची चार वर्षांची लेक दिवसभर आमच्याच घरात, हिच्या पदराला धरून, शेंगा खात. दर शुक्रवारी आशाताई गावातल्या घरोघर फिरायची. कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करा, घासा, उन्हात पालथी घाला, असं सांगायची. बॅटरी मारून पाण्यात अळ्या बघायची आणि दारावर खडूनं आकडा लिहायची, किती भांड्यांत सापडल्या त्याचा.

पहिल्या शुक्रवारी तिनं आमचं टिपाड बघितलं. वाटीत पाणी घेऊन हिच्या नाकापुढं धरलं. त्यात दोऱ्याच्या तुकड्याएवढं काहीतरी नाचत होतं. ही म्हणाली, एवढंच ना, गाळून घेते की फडक्यानं. आशाताईनं ऐकलं नाही. दोघी-तिघींनी मिळून टिपाड आडवं केलं, आणि दोनशे लिटर पाणी भकाभका गटारीत गेलं.

आता परंडा तालुक्यातल्या माणसापुढं पाणी ओतणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमची सगळी हयात टँकरमागं धावण्यात गेली. ही नवी नवरी होती तवा अंघोळीचं पाणी परातीत धरून म्हशीला पाजायची. आणि यंदा आक्रीतच झालं. पावसाळाभर कोरडं, पेरणी दोनदा मोडली, आणि पावसाळा जाताजाता असा कोसळला की नदी रानात घुसली, पाण्याच्या योजनेची मोटार बुडाली, नळ बंद पडला. म्हणजे गुडघाभर पाण्यात उभं राहून प्यायच्या पाण्याला महाग. नळ दुरुस्त झाला तरी आठ-दहा दिवसांनी एकदा यायचा. ते टिपाड हिनं हापशावरनं कळशीनं भरलं होतं, दोन दिवस लागले होते. ओतलं तवा ही जेवली नाही. आठवडाभरात टिपाड परत भरलं, आणि पुढच्या शुक्रवारी ही गोधड्या घेऊन कोपऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "इकडं या, हात लावा."

तवापासून दर शुक्रवारी आमचा खेळ. दोन महिने. इतकी मजा आम्ही तरणेपणीही केली नव्हती. तरणेपणी वेळ कुठं होता?

शेवटच्या शुक्रवारी गडबड झाली. घाईत पाणी काढायचा जर्मनचा तांब्या टिपाडातच तरंगत राहिला. आशाताई आत आली, ही वर राणीवानी बसलेली. ती म्हणाली, मामी, एवढ्या उंचावर कशाला? ही म्हणाली, खाली बसलं की गुडघं उठू देत न्हाईत बाई. इथवर ठीक. पण माझं तोंड बघून हिला हसू आलं. ते दाबायला गेली तर अंग हलायला लागलं, अंग हललं तसं टिपाड हललं, आणि आतून तांब्या बोलायला लागला. टुक. टुक टुक.

आशाताई म्हणाली, "कशाचा आवाज वो?"

मी म्हणलं, "मामीचं पोट. काल हरभऱ्याची भाजी लई खाल्ली."

बायको मागं भिंतीला टेकली, तोंडात पदर कोंबला. टुक टुक टुक. आशाताईला वाटलं पोट दुखतंय. बिचारीनं पिशवीतनं जीवनजलचं पाकीट काढलं, लिटरभर पाण्यात कालवून घोट घोट द्या म्हणाली. मग दारावर खडूनं शून्य लिहून गेली. ती गल्लीच्या टोकाला पोचेस्तोवर आम्ही दम धरला. मग इतकं हसलो की हिला उतरवायचं राहूनच गेलं. डोळं पुसत म्हणाली, "मेल्यावर बी माझं पोट असंच वाजंल बघा." पाकीट तिनं देवळीत ठेवलं. औषध वाया घालू नये म्हणाली.

शनिवारी दुपारी तिला ताप आला.

आम्हाला वाटलं, हवा बदलली. पण हवा बदलायची तरी कुठं? मार्गशीर्ष लागला तरी आम्ही पंखा लावून झोपत होतो. माझ्या लहानपणी या दिवसांत खळ्यावर शेकोटीला बसलं तरी पाठ गारठायची, आणि डास तर दिवाळीलाच मरून जायचे. आता थंडी पडतच नाही, डासाला मरायला सांगणार कोण. डेंगू हा शब्द आम्ही पुण्याहून आलेल्या लोकांच्या तोंडी ऐकला होता. शहरातलं दुखणं, फ्लॅटातल्या माणसांचं. ते एसटीत बसून परंड्याला येईल आणि आमच्या गल्लीत उतरेल, असं कुणाला वाटलं होतं?

सोमवारी तिला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, डेंगूच निघाला, पेशी कमी झालेल्या. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे लोक म्हणाले, किवी खायला द्या. मी जन्मात किवी बघितलं नव्हतं. बाहेरच्या गाड्यावरून दोन आणले. हिनं हातात घेऊन फिरवून बघितलं आणि म्हणाली, "हे तुमच्या थोरल्या भावाच्या डोक्यावानी हाय." ताप एकशे तीन आणि बाई हसतेय. मी सोलून दिलं तर तोंड वाकडं केलं, चिंच बरी म्हणाली. दुसरं मीच खाल्लं. खरंच चिंच बरी.

मंगळवारी डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. चांगली बाई, घाई नसल्यासारखी बोलली. म्हणाली, हा डास गटारात होत नाही, त्याला स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. काळा, पायावर पांढरे पट्टे, दिवसा चावतो. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवतो, ती महिनोन्महिने कोरडी राहिली तरी मरत नाहीत, पाणी लागलं की जागी होतात. आधी हिवाळ्यानं तो मरायचा, आता उबदार पडतं म्हणून वर्षभर निघतो. आणि जिथं पाण्याची टंचाई तिथं लोक जास्त साठवतात, म्हणून तिथं जास्त. चावल्यावर आठवड्याभरानं ताप येतो.

ती पुढच्या खाटेकडं गेली. ही माझ्याकडं बघत राहिली. मी खाली बघितलं. थोड्या वेळानं खाट हलायला लागली. मला वाटलं हुडहुडी. बघतो तर हसतेय.

"आपुनच पाळलं की वो त्येला," म्हणाली. "गोधड्या पांघरून."

मग हसू थांबलं. माझा हात धरून म्हणाली, "त्या पोरीला सांगू नका. इतकं इश्वासानं शून्य लिव्हून गेली. लाजंनं मरंन मी. वचन द्या."

मी वचन दिलं. अशा वेळी कोण नाही म्हणतो.

बुधवारी ताप उतरला. मी चहा पिऊन आलो, दोन बिस्किटं जास्त खाल्ली, जिंकलो म्हणून. पण डॉक्टरीणबाईचं तोंड उतरलेलं. या दुखण्यात ताप उतरतो तवाच खरी भीती असते म्हणे. असलं उलटं दुखणं मी ऐकलं नव्हतं. गुरुवारी दिवस उगवायच्या वेळेला ही गेली. तिनं काही बोलून ठेवलं नाही. जे बोलायचं ते मंगळवारीच बोलली होती.

दुपारपर्यंत तिला घरी आणलं. अंघोळ घालायला बायकांनी पाणी मागितलं. नळ आलेला नव्हता. मी चादर बाजूला केली आणि म्हणलं, यातलं घ्या. कुणी काही विचारलं नाही. त्या गडबडीत आशाताई बाहेर चूल पेटवत होती, तिला दिसलं नाही. हिनं साठवलेलं पाणी हिलाच पुरलं, वर उरलंही. बुद्धविहारातले लोक आले, वंदना झाली, चितेला अग्नी दिला. मी रडलो नाही. माझ्या डोक्यात सारखं टुक टुक चाललेलं. स्मशानात हसू येईल या भीतीनं मी दात दाबून उभा होतो.

घरी आलो तर संध्याकाळी आशाताई माझ्याजवळ येऊन बसली. लेकीचं अंग तापलंय म्हणाली. उद्या सकाळच्या एसटीनं परंड्याला रक्त तपासायला नेणार. मग म्हणाली, मामा, मला कळंना. मी सगळी गल्ली तपासली, माझं घर दोनदा. हा डास लांब उडत नाही. मग आला कुठनं? माझंच काहीतरी चुकलंय. असं म्हणून रडायला लागली.

 माझ्या पाठीला टिपाड होतं, त्यावर गोधड्या, आणि घरभर दुखवट्याला आलेली बायका-पोरं बसलेली. मी वचनाचा विचार करत होतो. वचन देणारा मी, घेणारी गेली. आणि ती लहान पोरगी तापातही हिला हुडकत दोनदा आत येऊन गेली होती, मामी कुठंय म्हणून.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी सगळ्यांच्या आधी उठलो, फळी काढली, गोधड्या काढल्या. टिपाड अर्धं उरलेलं, तरी एकट्याला जड. तिरपं करत, गिरकी देत उंबऱ्यापर्यंत आणलं. आशाताई लेकीला कडेवर घेऊन एसटीला निघालेली. मी तिला हाक मारली आणि सगळं सांगितलं. फळी, गोधड्या, चादर, दोन महिने.

 मला वाटलं आता ती शिव्या देणार, आणि द्याव्यातच. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मामा, ते पोट नव्हतं?"

मी म्हणलं, "तांब्या व्हता."

ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. कडेवरची पोरगी तिचं तोंड दाबून धरायला लागली. मी म्हणलं, हसायचं नंतर, आधी एसटी गाठ. ती पळाली. पोरगी आठवड्याभरानं बरी झाली, आज माझ्याच शेंगा चोरते, पण ते पुढचं.

मी टिपाड आडवं केलं. पाणी भकाभका अंगणातून गल्लीत गेलं. दुखवट्याच्या बायका दारात येऊन बघायला लागल्या, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाल्या. मी काथ्या आणि राख घेतली आणि अर्धा टिपाडात शिरलो. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं तिथं, पाण्याच्या रेघेला, आतल्या अंगाला बोट फिरवलं तर खरबरीत लागलं. घासत बसलो. आत मी एकदा हसलो तर टिपाड माझ्यापेक्षा मोठ्यानं हसलं, म्हणून परत हसलो. घासलं, धुतलं, परत घासलं. उन्हात पालथं घातलं.

मग आशाताईच्या ओट्यावरचा खडू आणला. दारावरचं शून्य ओल्या हातानं पुसलं. माझी शाळा दुसरीपर्यंतच, पण एक काढता येतो. तो काढला.