ताईचं रविवारचं दाल-पकवान

मंगळवारी सकाळी सातला अंबरनाथच्या घरी मी दाढी करत होतो, तेव्हा भाच्याचा, निखिलचा फोन आला. "मामा, आई उठत नाहीये." मी म्हणालो, "झोपू दे थोडं." ...हे मी म्हणालो. तीन आठवडे झाले, माझंच वाक्य कानातून जात नाही. बदलापूरला ताईच्या घरी पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. मेंदूत रक्तस्राव, झोपेतच. सुजाताताई त्रेपन्न वर्षांची होती. आदल्याच आठवड्यात तिनं शुगरचा रिपोर्ट मला फोनवर वाचून दाखवला होता. किती वर्षांनी नॉर्मल आला होता तो.

आम्ही वाढलो उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये. वडील शहाडच्या एका कारखान्यात. मी सात वर्षांचा आणि ताई अकराची असताना आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. आम्ही दोघं दारात रडत बसलेलो. शेजारच्या सिंधी आंटीनं दोन ताटल्या आणून पुढ्यात ठेवल्या. गरम चणाडाळ, वर चिंचेची चटणी, बाजूला पकवान, म्हणजे मैद्याची तळलेली कुरकुरीत पुरी. "पहले खाओ, रोना बाद में." आम्ही खाल्लं. चार दिवसांनी आई बरी होऊन घरी आली. तेव्हापासून काही बिनसलं की ताईला दाल-पकवानच लागायचं.

भावोजी गेल्यावर ते फार वाढलं. ऑफिसातून येताना रोज गाडीवर उभ्याउभ्या दोन प्लेट, एकटीच. शुगर वाढली, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं. तिनं बंद केलंही. दोन महिने निखिलवर चिडचिड करत राहिली आणि एका रविवारी चार प्लेट खाऊन माझ्याकडे आली, रडायलाच लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला तळलेलं नको असतं रे. कुणीतरी पुढ्यात ताटली आणून ठेवावी, एवढंच हवं असतं."

त्यानंतर तिनं ते सोडलं नाही, बदललं. पकवान कणकेचं, ओव्हनमध्ये भाजलेलं, एकच. डाळ मात्र वाटी भरून, सोबत कांदा, काकडी. आणि फक्त रविवारी, कुणाला तरी घरी बोलावून, बसून, सावकाश. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी म्हणालो, "गाडीवरची मजा नाही." ती म्हणाली, "नाहीच. पण तू आलास ना."

परवा शनिवारी संध्याकाळी निखिलजवळ बसलो होतो. सातला फ्रिजवर ठेवलेला ताईचा मोबाइल वाजला. निखिल तो अजून रोज चार्ज करतो, हे मला तेव्हा कळलं. अलार्म होता. स्क्रीनवर तिनं लिहून ठेवलं होतं, 'डाळ भिजत घाल'. आम्ही दोघं तो वाजताना ऐकत राहिलो. मग निखिल उठला, त्यानं डाळीचा डबा उघडला आणि हातात वाटी घेऊन विचारलं, "मामा, आई किती घालायची?"

इतकी वर्षं मी तिथं येऊन नुसता खात आलो होतो. मला सांगता येईना.