जाळीचे आठ नट

नरहरी सोनटक्के सकाळी उठला की चहाच्या आधी अंगणात जाऊन गाडीभोवती एक फेरी मारी. हातात बॅटरी आणि खिशात लाल पेंटचं पेन. उरवड्याच्या एका कारखान्यात तो सव्वीस वर्षांपासून तपासणीवर होता. तिथे नट ठरलेल्या जोराने आवळला की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढायची पद्धत होती. पुढे नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि तपासणाऱ्याला लांबूनच कळतं. ही पद्धत नरहरीने घरीही आणली. पंख्याचा हुक, गॅसचा रेग्युलेटर, पाण्याच्या टाकीचं झाकण, सगळ्यांवर लाल रेघा होत्या. लोणच्याच्या बरणीवर ओढलेली रेघ मात्र त्याच्या बायकोने, हेमलताने, तारेच्या घासणीने काढून टाकली होती.

मुळशी धरणाच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत सारजाबाई वाळंज यांच्या दोन खोल्यांत हे जोडपं अकरा वर्षं भाड्याने राहत होतं. वस्तीवर नरहरीला सगळे इन्स्पेक्टर म्हणत. नवखा माणूस पोलीस समजून दोन पावलं मागे सरके. नरहरीला ते मनातून आवडे. संशय हा त्याचा धंदाही होता आणि स्वभावही. त्यातलं आधी कुठलं आलं हे आता सांगता येणार नाही.

या स्वभावाची किंमत हेमलताने मोजली. परभणीकडच्या सेलूहून लग्न होऊन आली त्याला एकोणतीस वर्षं झाली होती, त्यांतली सव्वीस याच भागात. ताम्हिणी घाट उतरला की तीन-साडेतीन तासांत समुद्र. तो तिने अजून पाहिलेला नव्हता. एकदा हरिहरेश्वरला जायचं ठरलं, तर लॉजच्या आरशामागे कॅमेरा असेल म्हणून राहिलं. एकदा ट्रॅव्हलच्या बसचा टायर त्याला गुळगुळीत वाटला, म्हणून दोघं पौडच्या स्टँडवरूनच परत आली. हॉटेलातलं पाणी, दुसऱ्याची चादर, दुसऱ्याने चालवलेली गाडी, नरहरीचा कशावरच भरवसा नव्हता.

मग त्याच्या हाती मोबाइलवरचे ते व्हिडिओ लागले. लोक आपल्याच गाडीत पलंग करतात, मागे शेगडी बसवतात आणि कुठेही मुक्काम ठोकतात. नरहरी उठून बसला. आपली चादर, आपलं पाणी, आपली चूल! जगात कोणावरही विश्वास ठेवायची गरजच उरत नव्हती.

त्याने एक जुनी बोलेरो घेतली आणि चौदा महिने सुट्टीच्या दिवशी अंगणात तिच्याखाली पाठ टेकली. मागची आसनं काढून त्यांच्याच भोकांत चौकोनी पाइपाची चौकट बोल्टने कसली. वेल्डिंग नको, कारण वेल्डर काय करील सांगता येत नाही. चौकटीवर जाड प्लायवूड आणि गादी. खाली सरकता खण, त्यात शेगडी आणि हत्यारं. प्रत्येक हत्याराला नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी. वीस लिटरचे दोन कॅन, जास्तीची एक बॅटरी, छोटा पंखा. इथपर्यंत हेमलता रोज पदर खोचून गाडीजवळ उभी असे आणि सामान कुठे ठेवायचं ते सुचवत असे.

पुढे बंदोबस्त सुरू झाला. मधल्या दोन्ही दारांना आतून पूर्ण लोखंडी जाळी बसली, प्रत्येकीला आठ नट. पुढच्या दोन्ही सीटांमागे आडवी तिसरी जाळी. आत-बाहेर फक्त मागच्या दाराने करायचं, आणि झोपताना त्याला आतून कडी घालून नंबरचं कुलूप लावायचं. त्याचे चार आकडे नरहरीशिवाय कोणालाही ठाऊक नव्हते.

सारजाबाईंनी एकदा आत डोकावून विचारलं होतं, "इन्स्पेक्टर, ह्ये घर हाय का कोंबड्यांचं खुराडं?"

"सुरक्षा लागते, बाई."

"कोन पळवून नेनार हाय तुमाला!"

शेवटी जानेवारीतला एक शनिवार ठरला. नरहरीला दहा दिवसांची रजा मिळाली. घाट उतरायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जमेल तेवढं दक्षिणेला जायचं. हेमलताने शंकरपाळ्यांचा डबा भरला. ती फारसं बोलत नव्हती. बोललं की काहीतरी मोडतं, हा तिचा अनुभव होता.

बुधवारी सकाळच्या फेरीत नरहरी डाव्या दाराशी थबकला.

जाळीच्या आठही नटांवर रेघ होती, सरळ, न तुटलेली. पण त्याच्या पेनाची रेघ वाळली की निस्तेज दिसे. ही चकाकत होती. त्याने नखाने खरवडलं, तर पापुद्रा निघाला. नाकाशी नेला. नेलपॉलिश!

कोणीतरी आठही नट सोडले, पुन्हा बसवले आणि वरून त्याची खूण रंगवली. म्हणजे हा भुरटा चोर नव्हता. चोराला रेघेचं काय? रेघ नरहरी बघतो हे ज्याला ठाऊक होतं, त्याचंच हे काम.

त्याने माणसं मनात एका रांगेत उभी केली. सारजाबाईंचा मुलगा किशोर: बॅटरी केवढ्याची असं दोनदा विचारून गेला होता. किशोरची बायको रेश्मा: वस्तीवर नखं रंगवणारी ती एकटीच. खुद्द सारजाबाई: सगळं त्यांच्या अंगणात, त्यांच्या डोळ्यांदेखत. हेमलता या रांगेत नव्हती. तेरा नंबरचा पाना कुठला हेही तिला माहीत नसणार, असं तो धरून चालला होता.

रेश्मा नळावर हंडा भरत होती. नरहरी सरळ तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"रेश्मा, हात दाखव."

"का वो काका? भविष्य बघताय व्हय?"

"नखं दाखव."

तिने ओला हात पदरात लपवला. हसू दाबल्यासारखा तिचा चेहरा झाला. नरहरीला ती घाबरल्याची खूण वाटली.

"माझ्या गाडीत कोण शिरलं होतं? किशोरला कशासाठी लागते ती बॅटरी? खरं सांग, नाहीतर मी पौडला पोलिसांत तक्रार देतो."

ओट्यावरून सारजाबाई उठल्या. "तोंड सांभाळून बोला हां! सून हाय माझी. तुमची गाडी हितं फुकट हुबी ऱ्हाती, आन् वर चोर बी आमीच?"

"मी चोर म्हटलं नाही."

"मग काय भटजी म्हनलात?"

नरहरी घरात आला. हेमलता दारामागेच होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"कोणी हात लावला हे कळल्याशिवाय गाडी हलणार नाही," तो म्हणाला. "जाळी सोडवून बघितलीय. वाटेत कोणी पाठलाग केला तर?"

"म्हणजे शनिवार रद्द?"

"रद्द नाही. पुढे ढकलू."

हेमलताने शंकरपाळ्यांचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवला. तिचे ओठ एकदा हलले. मग ती भात लावायला निघून गेली.

शुक्रवारी नरहरीने अर्धा दिवस रजा टाकली. घरी सांगितलं नाही. बसमधून एक थांबा आधी उतरला आणि वालाच्या शेतातून मागच्या बाजूने आला. सारजाबाईंच्या बांधाला भाताच्या पेंढ्याची उडवी होती. तिच्याआड तो उकिडवा बसला. पेंढा मानेत टोचत होता, पण त्याने खाजवलंसुद्धा नाही.

तिथून अंगण दिसत होतं. फाटकाशी रेश्मा खराटा घेऊन उभी होती. झाडत नव्हती, रस्त्याकडे बघत होती. पहाराच तो. गाडीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत सारजाबाई, मोबाइल हातभर लांब धरून त्यात टक लावलेल्या. गाडी बंद. आणि बंद गाडी हलत होती.

आत किशोरच! नरहरी उडवीमागून उठला आणि बांध ओलांडून धावला.

"धरलं! कोणी हलू नका!"

रेश्माच्या हातून खराटा पडला. सारजाबाईंनी मानही वर केली नाही. "मधी बोलू नगा. धावं मिनिट चाललंय, अजून एक नट ऱ्हायलाय."

आत लोखंड आदळल्याचा आवाज झाला. मग डाव्या दाराची कडी आतून खटकली, दार उघडलं आणि घामाने निथळणारी हेमलता एका हातात तेरा नंबरचा पाना घेऊन खाली उतरली.

"किती?" तिने विचारलं. मग तिला नवरा दिसला.

"अकरा," सारजाबाई म्हणाल्या. "मंगळवारी एकोनीस व्हती. लई सुधारना हाय."

नरहरी तिघींकडे आळीपाळीने बघत राहिला. "हे काय चाललंय?"

"बाहेर यायची सवय करतेय," हेमलता म्हणाली. "श्रावणात तुमची शुगर उतरली आणि मोरीपाशी पडलात. मी हाक मारली, बाई धावत आल्या, साखर तोंडात घातली. किनाऱ्यावर तसं झालं तर? तुम्ही बेशुद्ध, मागच्या दाराला तुमचं कुलूप. मी कुठून बाहेर येऊ? आणि कोणी मदतीला आलं तर ते आत कुठून येणार? कोणी आत येऊ नये म्हणूनच तुम्ही सगळं केलंय."

"नंबर विचारायचास की."

"विचारला होता, दिवाळीत. तुम्ही म्हणालात, तुला काय करायचाय."

नरहरीला आठवलं. खरोखर असंच म्हणाला होता. "ते… तोंडातून कुठे फुटू नये म्हणून."

"कोणाच्या तोंडातून? गाडीत आपण दोघंच तर झोपणार."

त्याने आयुष्यात बायकोवर कधी संशय घेतला नव्हता, निदान त्याची तशी समजूत होती. ती कुलपाच्या चार आकड्यांनी खोटी पाडली होती.

"मग मला सांगायचंस. मी काहीतरी केलं असतं."

"केलंच असतं. सगळं उघडून परत पहिल्यापासून. अजून एक वर्ष." हेमलताने पाना खणात, त्याच्या चिठ्ठीच्या जागी ठेवला. "म्हणून म्हटलं आपणच शिकावं. पाने तुम्ही नावं घालून ठेवलेत. नट परत आवळताना जोर मोजणाऱ्या पान्यातून टक् आवाज आला की थांबायचं, हे तुम्हाला करताना बघितलं होतं. परवा तुम्ही रेश्माला बोललात तेव्हाच सांगणार होते. पण मग आज गाडी उघडताच आली नसती."

नरहरी वाकून दाराच्या आत बघू लागला. या जाळीला त्याने बाहेरून पहार लावून बघितली होती, दोर बांधून ओढली होती. आत बसून एकदाही तपासली नव्हती. एकाच बाजूने बघितलेला माल त्याने सव्वीस वर्षांत कधी पुढे जाऊ दिला नव्हता.

"नापास आहे," तो म्हणाला.

हेमलता मटकन पायरीवर बसली. सारजाबाईंनी कपाळाला हात लावला. "झालं! गेलं ह्ये बी वरीस."

"जाळी नापास आहे," नरहरी म्हणाला. "गाडी नाही."

त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. उजव्या दाराची जाळी सोडवली, मग सीटमागची. कुलूप काढून हातात घेतलं आणि एकेका खिडकीकडे बघितलं. नुसत्या काचा. कोणीही दगड मारील. कोणीही आत वाकून बघील. एकदा त्याने जाळी पुन्हा उचललीसुद्धा. मग हेमलताकडे बघितलं. ती डबा काढायला घरात गेली नव्हती. नुसती बसून होती, अजूनही खात्री नसलेल्या माणसासारखी. त्याने जाळी खाली ठेवली.

"काचांना मच्छरदाणीचं कापड लावू," तो म्हणाला. "शिवशील का? आत्ता?"

ती तडक उठली.

आयुष्यभर नरहरीला वाटत आलं होतं की सगळे मिळून आपल्यामागे काहीतरी करताहेत. या वेळी ते शंभर टक्के खरं निघालं होतं, आणि त्याचं काय करायचं हे त्याला उमगत नव्हतं. संध्याकाळी तो फाटकाशी गेला.

"रेश्मा, परवा मी नाही नाही ते बोललो. चूक झाली."

"त्यातलं निम्मं खरंच व्हतं की काका. बाटली माझीच. मी काकूंना म्हनलंबी, रंग जरा गुलाबीकडं जातोय, काका वळखतील."

"गुलाबीमुळे नाही. चकाकी."

"मग पुढच्या येळी चकाकी नसल्याली आनते," रेश्मा म्हणाली, आणि आत सारजाबाई मोठ्याने हसल्या.

शनिवारी सकाळी सहाला गाडी निघाली. सारजाबाईंनी खिडकीतून तोंड आत घालून बजावलं, "येताना सुकं बोंबील आना. हातानं मोडून बघा, वल्लं असत्यात. लई फसवत्यात त्ये लोक." ही सूचना नरहरीला मनापासून पटली.

सकाळी दहाच्या सुमारास श्रीवर्धनच्या पुढे सुरूच्या झाडांखाली त्याने गाडी लावली. हेमलता चपला हातात घेऊन वाळूतून चालू लागली. पाण्यापर्यंत पोचली तेव्हा ती एकदम लहान दिसत होती. तिने वळून बघितलं नाही.

नरहरी मागचं दार उघडून चहाचं आधण ठेवत होता. एक अनोळखी माणूस मोटारसायकल थांबवून जवळ आला.

"काका, भारी केलीय की गाडी! आत जरा बघू का? मलाही अशीच करायचीय."

नरहरीने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मोटारसायकलचा नंबर बघितला. हात रिकामे होते. खिसा फुगलेला होता, पण तो मोबाइलचा असावा. लांब पाण्यात हेमलता घोट्याएवढ्या लाटेत उभी होती, साडी धरायची विसरून.

"बघा," नरहरी बाजूला सरकून म्हणाला. "चपला काढून चढा."