उघड्यावरचा आवाज

समजा, तारांचा आवाज पकडणाऱ्या दोन पिकअपपैकी एकच तुम्हाला गिटारीत बसवायचा आहे. एक तिखट, दुसरा भरदार. फिनलंडमधल्या कुओपिओ शहरातली बस मेकॅनिक रौनी हिने तिखट निवडला होता. तिचा मेटल बँड इमारतीखालच्या बॉम्बनिवाऱ्यात सराव करतो आणि तिथे खर्ज आपोआप घुमतो. गोठलेल्या तळ्यावरच्या जत्रेत मात्र गिटार डासासारखी गुणगुणली. लोक हसले. शनिवारी तिथेच पुन्हा वाजवायचं होतं. रौनीने भरदार पिकअप डाख देऊन बसवला आणि उघड्यावर आवाज तपासायला अ‍ॅम्प अंगणातल्या बर्फात ओढत नेला.

"अगं, बोटं गळून पडतील!" ड्रमर इल्पो ओरडला.

"तुझी जीभ गळली तरी चालेल."

तिने तार छेडली, तशा खिडक्या थरथरल्या. पण अंगणाभोवती इमारतींच्या भिंती होत्या; तळ्यावर भिंतीच नाहीत. तिथेही हा आवाज असाच घुमेल का?