उरलेलं पुस्तकात

सुदामदादा गेल्याची बातमी बेंबळीच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरनं दिली. "तुमचा पेटीवाला गेला हो," एवढं म्हणाला आणि डबल बेल मारली. मला आधी रागच आला. बारा वर्षं ज्याला पेटीवर बोट टेकवता आलं नाही, त्याला पेटीवाला कोण म्हणतं?

आमची गायन पार्टी चौघांची. दादा गाणी रचायचे, पेटी वाजवायचे, मी ढोलकीवर. बिदागी मिळाली तर मिळाली, पार्टी जगायची ती गाण्यांच्या पुस्तकांवर. निळ्या कव्हरची ती पातळ पुस्तकं दादा पदरमोड करून छापून आणायचे, आणि विकायची त्यांची एक खोड होती. दोन कडवी म्हणायची, तिसऱ्याच्या तोंडाशी पेटी बंद करायची आणि हात जोडून सांगायचं, "उरलेलं पुस्तकात!" लोक हसायचे, शिव्या घालायचे आणि पुस्तक घ्यायचे.

दुष्काळात आम्ही सगळेच खडी फोडायला होतो. तिथंच दादांनी एक गाणं रचलं. पहिल्या कडव्यात आटलेली विहीर, दुसऱ्यात सोसायटीच्या गोदामातून गायब झालेलं धान्य. लोहाऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात, जयंतीच्या मंडपात, भर दुपारी ते पहिल्यांदा म्हटलं. पुस्तकांचा गठ्ठा त्याच सकाळी आलेला, मी सुतळीसुद्धा सोडली नव्हती. "गोदामाची किल्ली कुणाच्या कमरेला?" असा सवाल टाकून दादा थांबले. "उरलेलं पुस्तकात!"

सोसायटीच्या चेअरमनची माणसं मागंच उभी होती. किल्ली कुणाकडं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिसऱ्या कडव्यात नाव असणार, असं त्यांना वाटलं. खरं सांगतो, आम्हालाही तसंच वाटलं, आणि आमची छाती फुगली.

कुऱ्हाडीचे दांडे घेऊन ते मंडपात घुसले. आधी ढोलकी फोडली, मग माझ्या दोन बरगड्या. गठ्ठ्यावर रॉकेल ओतून काडी लावली. दादा आगीत हात घालून पुस्तकं ओढत होते. त्यांना पालथं पाडलं, गणपत नावाच्या गड्यानं मनगटावर पाय दिला आणि दुसऱ्यानं त्यांची बोटं दगडानं ठेचली, आम्ही खडी फोडायचो तशी. एकेक करून. तो आवाज... अजूनही जेवताना आठवला की मी ताट सारतो. पुढं दोन वर्षं मी कमरेला विळा खोचून बाजार हिंडलो. गणपत सापडला असता तर आज हे लिहायला मी बाहेर नसतो.

दादांची बोटं वाकडीच जुळली. ते पुस्तक त्यांनी पुन्हा छापलं नाही. "तिसरं कडवं तरी सांगा," म्हटलं की म्हणायचे, "ज्यांनी जाळलं त्यांना इचार की." आमच्या दादांनी नाव घेतलं, असं आम्ही मात्र मिरवत राहिलो.

दादा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी गणपत दारात येऊन उभा राहिला. डोकं पांढरंफेक. मी कोपऱ्यातली पहार उचलली... दादांच्या बायकोनं, वहिनींनी, माझा हात धरला. गणपतनं बंडीच्या खिशातून कडेला करपलेलं निळं पुस्तक काढलं.

"म्या एक उचललं व्हतं. नाव न्हाय ह्यात. कुणाचंच न्हाय."

मी शेवटचं पान उघडलं.

तहानंला जात न्हाय, किल्लीवाल्या,
ये, माझ्या मडक्यातलं घोटभर पी.

"कधी वाचलंस हे?"

"त्याच सांजंला."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? बोटं तर ठेचून झालती."

वहिनी सावकाश म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. नाव न्हाय म्हणले असते, तर भिऊन बोलले असं झालं असतं. म्हणून ते गप ऱ्हायले." माझ्या हातातली पहार त्यांनी काढून घेतली. मग माठातून तांब्या भरून गणपतपुढं धरला, आणि तो प्यायला. मला ते आजही पटलेलं नाही.

पुस्तक आता दादांच्या बंद पेटीत आहे. परवा वस्तीतल्या कार्यक्रमात ते गाणं मी घेतलं. दुसरं कडवं संपलं, लोक तिसऱ्याची वाट बघत होते. मला ते पाठ आहे. किल्लीवाल्याला "ये" म्हणायचं म्हणून तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढं ती बोटं आली. मी ढोलकी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणालो, "उरलेलं पुस्तकात." या वेळी कुणी हसलं नाही.