एक ठोका

हर्षा तुमसरच्या एका दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं पाणी सोडते आहे. असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई नळावर नोकरीला आहे! पण जबड्याच्या हाडात नवा दात बसवायला डॉक्टर ड्रिल घालतात, तेव्हा त्याच्या टोकावर थंड सलाईनची धार धरणं हे तिचं काम. धार चुकली की ड्रिल तापतं आणि हाड जळतं. भूल दिलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. तो लागतो तीन महिन्यांनी, दात हातात येतो तेव्हा.

सेवकराम विणकराचा दात असाच हातात आला होता. डॉक्टर तृप्ती मॅडम तिला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं! तेव्हापासून ड्रिल सुरू झालं की हर्षा नळी दोन्ही हातांनी धरी.

म्हणून नवं ड्रिल आलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला. त्याच्या आत केसाएवढा काचेचा धागा होता. टोक तापलं की धाग्यातला उजेड बदले आणि शेजारच्या डबीवर आकडा उमटे. पाण्याची नळीही आता मशीनलाच जोडलेली.

"सत्तेचाळीस अंशांना हाड जळतं. तू पंचेचाळीसलाच ओरड," मॅडम म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी खुर्चीत हिरालाल बसले. चिखल्याच्या खाणीत तीस वर्षं दगडात भोकं पाडून निवृत्त झालेला माणूस.

"एवढी भोकं पाडली पोरी, आता माह्यातच पाडून राहिले," असं म्हणून त्यांनी आ वासला.

एकतीस. बत्तीस. तेहतीस. हर्षाची पापणी लवत नव्हती. तेहतीस. तेहतीस.

टक! हिरालालनी शेजारच्या स्टीलच्या ट्रेवर बोटाने एकच ठोका दिला.

"घाबरू नका काका, झालंच," मॅडम म्हणाल्या.

हर्षाने मात्र तो ठोका ओळखला. तिचे बाबा त्याच खाणीत माणसं वर-खाली नेणाऱ्या पाळण्याच्या घंटेवर होते. एक ठोका म्हणजे थांबा. घरीही भात पुरे झाला की ते ताटावर एकदाच टक करत, आणि आईचा हात जागीच थांबे. पण आकडा तर तेहतीस! उगीच ओरडली आणि चुकली तर? पुन्हा आपलंच नाव?

टक!

"मॅडम, थांबा!"

"अगं, तेहतीसच तर आहे."

"थांबा म्हणते ना!"

ड्रिल बाहेर आलं. टोक ठणठणीत कोरडं. नळी खुर्चीच्या चाकाखाली दबली होती, आणि धाग्याच्या काचेवर हाडाचा भुगा बसल्याने डबी जुनाच आकडा दाखवत होती. मॅडमनी टोक पुसताच आकडा चव्वेचाळीसवर उडाला. हाड वाचलं असावं. नक्की कळायला तीन महिने जायचे होते.

चूळ भरून हिरालाल बधिर ओठांनीच म्हणाले, "पाणी बंद पडलं होतं ना? कोरड्यात ड्रिल किंचाळते. मले आयकू आलं. तुले नाई आलं, पोरी?"

हर्षाने डबी बंद केली. अकरा वर्षांच्या ओळखीचा आवाज तो. तिलाही आला होता, पहिल्या ठोक्याच्याही आधी. पण ती आकडा पाहत होती.