फोटो आणायला आलेली नणंद

आमचा काडीमोड झाला तेव्हा कपाटाचा विचार झाला, शिलाई मशीनचा झाला, अगदी पोरीच्या सायकलचाही झाला. फोटोंचा कोणालाच सुचला नाही.

लग्नापासूनचे आमचे सगळे फोटो नवऱ्याच्या खात्यात जात. मी फोन बदलला की नव्या फोनवर तोच त्याचं खातं जोडून द्यायचा आणि मी काढलेला फोटो आपोआप तिकडे जाऊन बसायचा. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. वेगळी झाल्यावर मी मालेगावला दोन खोल्या घेतल्या, कारण मी शिकवते ती शाळा किन्हीराजाकडे आहे. तिथे आल्यावर फोनमधून त्याचं खातं काढलं, आणि त्यासरशी पोरीचं सगळं लहानपण फोनमधून गेलं.

वर्ष उलटून गेलं तरी मी ते फोटो मागितले नव्हते. मागायचे म्हणजे त्याला फोन करावा लागणार. आमचं बोलणं पूर्ण बंद होतं. सुट्टीत पोरीला कधी न्यायचं, कधी आणून सोडायचं, एवढंसुद्धा नणंदेमार्फत ठरायचं. ही नणंद माझ्याहून लहान, नवऱ्याची पाठची बहीण. माझं सासर धनजचं, तिला जवळच कारंज्याला दिलेली. तिथे ती ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र चालवते. दाखले, पीक विमा, शिष्यवृत्ती, सगळं तिच्याकडे होतं. काडीमोडानंतर मला काय म्हणायचं हा प्रश्न सासरच्या बऱ्याच जणांना पडला. तिला पडला नाही. तिची मी वहिनीच राहिले.

एक दिवस मधल्या सुट्टीत तिचा फोन आला.

"वहिनी, दादानं नवा फोन घेतला. जुनं खातं बंद करून राह्यला तो. फोटो तुले पाह्यजेत का नाई?"

"तो देईल?"

"काहून नाई देणार? त्याले म्या इचारलं. पासवर्ड देल्ला त्यानं माह्यापाशी. ऐतवारी येतो मी."

रविवारी ती पहिल्याच गाडीने आली. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात सासूबाईंनी पाठवलेल्या तुरीच्या शेंगा. चहा झाल्यावर तिने मला समजावलं की फोटो उतरवून पुन्हा चढवायची गरज नाही. त्याचं खातं एका कंपनीचं आणि माझं दुसऱ्या कंपनीचं असलं तरी त्यातून यात ते थेट पाठवायची सोय आहे. दोन्ही खात्यांत शिरून परवानगी द्यायची, मग काम आपोआप होतं. वेळ लागतो तेवढा.

मी तिला म्हणाले, "मला फक्त पोरीचे पाहिजेत. बाकी काही नको."

"बरं," ती म्हणाली. "तूच निवड मंग."

पण आधी त्याच्या खात्यात शिरायचं होतं, आणि त्यासाठी त्याच्या फोनवर येणारा आकडा हवा होता. तो मानोऱ्याला वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. नणंदेने फोन लावला, तर उचलेना. तेवढ्यात आमच्याकडची लाइट गेली.

"दादानंच बंद केली असन," ती म्हणाली, आणि दोघी हसलो. त्या घरातल्या माणसासोबत हसून मला किती दिवस झाले होते!

तिने मोबाइलवरून लॅपटॉपला नेट जोडलं आणि पुन्हा आकडा मागवला. आता तिच्या मोबाइलवर फोन आला तर नेट तुटलं असतं, म्हणून तिने माझ्या फोनवरून त्याला मेसेज टाकला. दोन मिनिटांत माझाच फोन वाजला. स्क्रीनवर त्याचा नंबर. मी नणंदेकडे धरला, तर तिचे दोन्ही हात कीबोर्डवर. तिने नुसती मान हलवली, घे म्हणून.

"हॅलो," मी म्हणाले.

त्याने सावकाश, एकेक करून आकडे सांगितले. मी ते मोठ्याने म्हणत गेले, नणंद टाइप करत गेली.

"झालं का?" त्याने विचारलं.

"झालं."

"शाळेतल्या नाचाचे बी घेजो. ते येगळ्या फोल्डरमंधी हायेत." आणि फोन बंद झाला.

काडीमोडानंतरचं आमचं पहिलं बोलणं हे असं झालं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. फोल्डर सापडतं का, हेच डोक्यात होतं.

खातं उघडलं तशी नणंदेने खुर्ची ओढून भिंतीला पाठ लावली आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मी बघायला जवळ गेले, तर तिने हात आडवा केला.

"थांब. तू गेल्यानंतरचे फोटो हायेत वर. ते त्याचे. ते तुले नाई दाखवणार मी."

"मला बघायचेही नाहीत."

"तरी सांगून राह्यली. अन् इथं तुह्या घरात काय पाह्यलं, ते त्याले नाई सांगणार."

मग बराच वेळ ती एकटीच बसून राहिली. मी घर सोडलं त्या महिन्यापर्यंत ती खाली सरकत गेली, आणि तिथून मागचं सगळं, नाचाच्या फोल्डरसकट, एका नव्या अल्बममध्ये घातलं. वरचं काही तिने स्वतःही पाहिलं नसावं, कारण तिचे डोळे बाजूच्या तारखांवर होते. मी शेंगा सोलत तिच्याकडे बघत होते. भाऊ सख्खा, मी आता परकी. आणि तरी तिच्या हातात आम्ही दोघंही सारखेच सुरक्षित होतो. एवढा सरळपणा मी शिकल्यासवरल्या माणसांत, वकिलांत, नातेवाइकांच्या बैठकीत कुठेच पाहिला नव्हता.

अल्बम झाल्यावर तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "आता पाह्य. जे नको ते काढ."

मी काढायला बसले. लग्नाचे काढले. मग पोरीचे आले, आणि माझं काम अडलं. विहारासमोर पांढऱ्या फ्रॉकमध्ये ती उभी, तर तिचं बोट त्याच्या मुठीत. वाढदिवसाच्या केकवर सुरी धरलेली, तर सुरीवर तीन हात. घागर उचलायला बघते, तर मागे हसणारी सासू. कुठे त्याचा खांदा, कुठे गुडघा, कुठे नुसती सावली. पोर एकटी अशी कुठे नव्हतीच.

नणंद माझ्या खांद्यावरून बघत होती. "कोनाकोनाचा हात कापशीन वहिनी?" ती म्हणाली.

लग्नाचे फोटोही मी परत आत घेतले. तिने परवानगीचं बटण दाबलं, आणि दुपारच्या गाडीने ती निघून गेली.

तीन-चार दिवसांनी मेल आली की काम पूर्ण झालं. मी फोन उघडला आणि शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून बघतच राहिले. सगळं आलं होतं, तारीखवार. पण मेलमध्ये खाली लिहिलं होतं की काही व्हिडिओ जाऊ शकले नाहीत. नणंदेला सांगितलं, तर म्हणाली, "ते मी उतरवून ठेवतो. खातं बंद करू नको म्हनतो दादाले. तू अन् पोरगी या ऐतवारी कारंज्याले."

रविवारी तिचं केंद्र बंद असतं. शटर अर्धं वर करून आम्ही आत बसलो. राहिलेले व्हिडिओ तिने पेनड्राइव्हवर घेतले होते. नीट चालतात का बघावं म्हणून तिने सगळ्यात लांबलचक व्हिडिओ लावला. धनजच्या घरापुढचं अंगण. पोर सायकलवर डुगडुगते आहे, आणि माझे सासरे मागची सीट धरून धावताहेत. सासरे आमच्या काडीमोडाच्या आधीच वारले. त्यांचं ओरडणं मात्र स्पष्ट ऐकू येत होतं: "पायडल मार! मी सोडलं नाई! मार पायडल!" आणि त्यांनी तर कधीच सोडलेलं होतं.

पोर खो-खो हसली. नणंद हसली नाही. तिने व्हिडिओ मागे नेला, पुन्हा लावला.

"बाबाचा आवाज एवढा बारीक होता का वं वहिनी?" तिने विचारलं.

"ओरडताना व्हायचा," मी म्हणाले.

"माह्यापाशी आवाज नव्हता त्याचा. फोटो हायेत. आवाज नव्हता."

दोन रविवार माझ्यासाठी घालवले, आणि या बाईने स्वतःसाठी एका शब्दाने काही मागितलं नव्हतं. मी म्हणाले, "सगळे ठेव तुझ्याकडे. हे काय माझ्या एकटीचे आहेत?"

तिने व्हिडिओ मोबाइलमध्ये घेतला आणि शटर खाली ओढलं. "चाल," ती म्हणाली, "मायले दाखवू."

धनजला मी काडीमोडानंतर गेले नव्हते. मी म्हटलं, पोरीला घेऊन तू जा, मी स्टँडवर थांबते.

"काहून? मी हावो ना संग."

आम्ही ऑटोने गेलो. सासूबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. मला पाहून त्या उठल्या नाहीत. फक्त सूप बाजूला सरकवून बसायला जागा केली. नणंदेने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांना आधी काही कळेना. मग सासऱ्यांचा आवाज आला आणि त्यांनी मोबाइल हिसकावल्यासारखा हातात घेतला.

"मोठा कर," त्या म्हणाल्या. "अजून मोठा कर."

त्यांनी तो कितीदा बघितला कोण जाणे. शेजारच्या बायकांना हाक मारून दाखवला. पोरीला मांडीवर घेतलं. ती आता मांडीत मावत नव्हती, तरी घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हा कोनी काढला होता?"

"मी," मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "बरं केलं माय," म्हणाल्या, आणि नणंदेला आत चहा ठेवायला पाठवलं. आत चहा ठेवता ठेवता नणंद भावाला फोनवर सांगत होती, "हो दादा, सगळं आलं तिच्यापाशी. कर आता बंद."